तोंडातल्या चुका

सोफ्याच्या कामात ज्या बारीक खिळ्यांनी कापड लाकडाला ठोकतात, त्यांना चुका म्हणतात. डबीतून एकेक चूक उचलत बसलं तर दिवसात अर्धी खुर्चीसुद्धा व्हायची नाही. म्हणून कारागीर मूठभर चुका तोंडात टाकतो आणि जिभेनं एकेक पुढे सरकवून हातोडीला देतो. मास्तरांचं सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. त्यांची बायको म्हणायची, "दिवसभर तोंडात चुका घोळवतात, पण स्वतःची एक बाहेर काढतील तर शपथ!"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेचं आणि त्यांचं सहावीतच फाटलं होतं. पण भेटेल त्याला शिकवायचं व्यसन, म्हणून हे नाव पडलं. चहावाल्याला चहा कधी उतरवावा ते सांगायचे आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्यालाच कात्री कशी धरावी ते सांगायचे. न्हावी हूं हूं करायचा आणि केस त्याला हवे तसेच कापायचा.

दुकान म्हणजे एक लांबोळकी खोली. दारापाशी बायकोचं टेबल, त्यावर फोन आणि मापांची वही. मधे उलट्या-सुलट्या खुर्च्या, मागच्या भिंतीला फोमचे ताव आणि कोपऱ्यात शिवणयंत्र. त्या यंत्रावर मेहुणा बसायचा, बायकोचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला हातोडी धरता येत नव्हती. आता त्याच्या हातची कड इतकी सरळ यायची की गिऱ्हाईक तिच्यावरून बोट फिरवून बघायचं. मास्तरांना हे दिसत होतं. पण चांगलं म्हटलं की माणूस डोक्यावर बसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती त्यांना कुणी शिकवली होती देव जाणे.

मेहुणा नऊला यायचा आणि मास्तर साडेसातला. मधल्या दीड तासात ते काल मेहुण्यानं पुरी केलेली खुर्ची पालथी घालायचे, पक्कड लावून तिच्या चुका उपटायचे आणि आतलं काम आपल्या पद्धतीनं परत करायचे. दरवेळी काही बिघडलेलं असायचं असं नाही. पण आपला हात लागल्याशिवाय खुर्ची दुकानाबाहेर गेली, तर त्यांना घास गोड लागत नसे. सुरुवातीला मेहुणा वाद घालायचा. मग गप्प बसायला लागला. मास्तर खूश झाले, म्हणाले, सुधारला. मला विचाराल तर भांडणारा माणूस परवडतो. गप्प झालेल्या माणसाचं मन बहुतेक दुसरीकडे कुठेतरी लागलेलं असतं.

अशात एक मोठं काम चालून आलं. एका सभागृहातल्या एकशे ऐंशी खुर्च्या नव्यानं मढवायच्या होत्या, तीन महिन्यांत. आधी वीस करून दाखवा, पसंत पडल्या तर बाकीच्या तुमच्या, असं तिथले व्यवस्थापक म्हणाले. मास्तर त्या दिवशी घरी शीळ घालत आले. बायकोनं त्यांना पोटभर जेवू दिलं आणि मग सांगितलं.

"माझा भाऊ चाललाय. त्या मोठ्या शोरूमच्या कारखान्यात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचंय त्याला."

"जाऊ दे की! अडलंय कुणाचं?" मास्तर म्हणाले. पण मनातल्या मनात त्यांनी हिशेब मांडला. एकशे ऐंशी खुर्च्या एकट्यानं करायच्या म्हणजे तीन महिन्यांचे नऊ महिने झाले असते. आणि खुर्च्यांचं सोडा, त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. पोरासारखा वाढवलेला माणूस जातो आणि आपल्याला सांगतही नाही!

"तू सांग ना त्याला, थांब म्हणावं."

"मी नाही सांगायची. दुकान तुमचं, कारागीर तुमचा. तुम्ही विचारा."

"मी विचारू? मी त्याला शिकवलंय!"

"मग तो शिकलाय, एवढं एकदा त्याला सांगून तरी बघा," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

मास्तरांनी विचारलं नाही. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका आपली आरामखुर्ची हमालाच्या डोक्यावर देऊन दुकानात आल्या. दोनच महिन्यांपूर्वी नवी करून नेलेली खुर्ची डावीकडे खचली होती आणि एक स्प्रिंग खालून टोचत होती.

मास्तरांनी एकदा खुर्ची दाबून बघितली आणि तिथेच, बाईंच्या देखत, मेहुण्याला फैलावर घेतलं. "हेच रोज घसा फोडून सांगतो! गाठ म्हणजे गाठ, बुटाची नाडी नव्हे! नऊ वर्षांत तुला स्प्रिंग बांधता आली नाही!" मेहुण्यानं यंत्र थांबवलं. बायकोनं वहीत डोकं घातलं.

मग मास्तरांनी सवयीनं मूठभर चुका तोंडात टाकल्या आणि खुर्ची उघडली. वरचं कापड निघालं, खालचं गोणपाट निघालं, आतल्या स्प्रिंगा दिसल्या. उजवीकडच्या सगळ्या स्प्रिंगा जागच्या जागी, एका पातळीत. डावीकडची सुतळी तुटलेली. नको इतकी ताणून बांधल्यामुळे ती स्प्रिंगच्या कडेवर घासली होती आणि तिथेच कापली गेली होती. आणि डावीकडच्या गाठींचा पीळ उलटा होता.

मास्तर डावखुरे. अख्ख्या दुकानात उलटा पीळ पडायचा तो एकाच हाताचा.

मग त्यांना सगळं आठवलं. ही खुर्ची त्यांनी एका सकाळी उघडली होती, मेहुण्याच्या गाठी सैल म्हणून. अर्ध्या गाठी बदलून होताहेत तोवर नऊ वाजले, म्हणून उरलेल्या तशाच ठेवून त्यांनी कापड ठोकलं होतं. मेहुण्याच्या उरलेल्या गाठी अजून शाबूत होत्या.

मेहुणा मागे येऊन उभा राहिला होता. त्यानंही पीळ बघितला. मास्तरांच्या तोंडात चुका होत्या, त्यामुळे त्यांना बोलायची गरज नव्हती. गपचूप सुतळी बदलली असती तर बाईंना काडीचा पत्ता लागला नसता. मास्तरांचे कान गरम झाले. त्यांनी तळहात तोंडाशी धरला आणि सगळ्या चुका त्यात थुंकल्या.

"बाई, चूक माझी आहे."

बाईंनी त्यांच्या ओल्या तळहाताकडे बघितलं. "अहो, दुकान तुमचं, तेव्हा चुकाही तुमच्याच असणार. खुर्ची का खचली ते सांगा."

बायकोला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. मास्तरांवर तेच वाक्य परत म्हणायची पाळी आली, आणि पहिल्यापेक्षा दुसरी वेळ अवघड गेली. "तसं नव्हे. ह्यानं बरोबर बांधलं होतं. मी सकाळी येऊन ते सोडलं आणि परत बांधलं. तुटलंय ते माझं. ह्याला उगीच बोललो."

"मग मला काय सांगता? त्याला सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. आयुष्यभर वर्ग सांभाळलेली बाई, ती कशी सोडेल?

मास्तरांनी त्यालाही सांगितलं. आणि तोंड एकदाचं उघडलंच होतं, म्हणून पुढचंही विचारून टाकलं. "थांबशील का रे?"

"दाजी, मी त्यांना शब्द दिलाय," मेहुणा म्हणाला. "वीस खुर्च्या करून देतो. दहा माझ्या, दहा तुमच्या. पण माझ्या उघडायच्या नाहीत. सोमवारी मी जाणार."

पुढचे पंधरा दिवस मास्तरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. सकाळी साडेसातला दुकान उघडलं की समोर मेहुण्याची खुर्ची आणि हाताशी पक्कड. कोपऱ्याची घडी त्यानं आतून घेतलेली दिसायची, मास्तर बाहेरून घेत. हात नुसते शिवशिवायचे. मग ते शटर अर्धं ओढून चहाला जायचे. तिसऱ्या कपाला चहावाल्यानं विचारलं, "मास्तर, घरी भांडण झालंय का?" एकदा तर त्यांनी पक्कड बायकोच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि किल्ली मागितली तरी द्यायची नाही, असं तिला बजावलं. दुसऱ्या दिवशी मागितली. तिनं दिली नाही.

वेळ हाताशी होता, म्हणून ते स्वतःच्या खुर्च्यांकडे बघायला लागले. आजवर दुसऱ्याचंच काम उपसत आल्यामुळे आपलं काम त्यांनी कधी पालथं घालून बघितलंच नव्हतं. बघितलं आणि जरा वेळ स्टुलावर बसून राहिले.

मेहुणा जायच्या आधीच्या शनिवारी व्यवस्थापक आले. वीस खुर्च्या दोन ओळींत मांडल्या होत्या. त्यांनी पुढच्या ओळीतल्या दोन-तीनवर बसून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा मास्तर! हात तो हातच. बाकीच्याही अशाच झाल्या पाहिजेत हं."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मेहुणा यंत्राशी आपली कात्री, मापपट्टी असं काहीबाही पिशवीत भरत होता.

"पुढची ओळ ह्याची आहे," मास्तर म्हणाले. "मागच्या माझ्या. त्यातल्या दोन नीट बसल्या नाहीत. उघडाव्या लागतील."

व्यवस्थापकांनी चष्म्यावरून आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघितलं. मेहुणा पिशवी खाली ठेवून मागच्या ओळीपाशी आला. वाकून त्यानं एकेक बैठक तळव्यानं दाबत नेली आणि शेवटून तिसऱ्या खुर्चीपाशी थांबला.

"दोन नाही दाजी, तीन," तो म्हणाला. "ही सोमवारी आल्यावर मी उघडतो."