कॅप्टनसाहेबांचा सिगार आणि माझी पाळी

माजी सैनिकांच्या स्मरणिकेसाठी हे लिहितो आहे. समितीचे लोक म्हणतात, "नाना, 'उंचीचा त्रास' असंच राहू द्या." मी राहू देणार नाही.

मी तेव्हा हवालदार होतो. पोस्ट बर्फात. रोज सकाळी नऊ वाजता चार जवानांची गस्तीची पार्टी शेजारच्या पोस्टपर्यंत जायची. त्या दिवशी पार्टी कमांडर मी होतो.

आठ वाजता बंकरमध्ये कॅप्टनसाहेबांनी सिगार पुढे केला. अंगठ्याएवढा जाड, काळपट, पानावर तेलकट चकाकी.

"तू तंबाखू जाणतोस. फैसला सुना. पण धूर तोंडातच ठेव."

पहिल्या झुरक्याला जिभेवर काळी मिरी. मग करपलेला गूळ, आणि त्यामागून कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा वास. राख बोटभर झाली तरी पडेना.

"फर्स्ट क्लास, सर. कडक."

साहेब राउंडला गेले. मी पाचोऱ्याचा, बिडी ओढणारा. धूर छातीत ओढत राहिलो, पार शेवटपर्यंत.

पावणेनऊला दरदरून घाम फुटला. बंकर फिरू लागला. मी ओकलो. माझ्या खालोखाल नाईक सुपडू, दोंडाईच्याचा. तो हसला.

"बठ्ठा धूर गिळी टाका? बिडी शे का ती?" मग बूट आवळत म्हणाला, "तू पडी राहय. मी जास." माझ्या जागी तो पार्टी घेऊन निघाला.

सकाळी १०४० ला वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला, "नाल्यापाशी पोहोचलो. ओव्हर." १०५० ला बर्फ सरकला. सगळ्यात पुढे तो होता. मागचे तिघे परतले.

चौकशीत मी उंचीचा त्रास सांगितला. नोंद तशीच झाली.

सुपडूची बहीण, अक्का, दोंडाईच्यालाच असते. इतकी वर्षं अक्का भेटली की आधी विचारायची, "आते दम लागस का रे भाऊ?" मला कधीच दम लागत नव्हता.

गेल्या आठवड्यात जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने चहा ठेवला नाही. शेवटी म्हणाली, "मना भाऊ तुना जागावर गया. हाई लिख."

लिहिलं. सिगार वाईट होता असंही मी म्हणणार नाही. सिगार उत्तम होता. सांगितलेलं ऐकलं नाही, तो मी.

समितीने हे छापावं. नसेल छापायचं, तर स्मरणिकेत माझा फोटोही नको. फक्त एवढं छापा: नाईक सुपडू, दोंडाईचा. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती.