अस्वलाशी बोलणारा बाबा

“कुठं हाय तुमचा तो बाबा? आना त्याले! आत्ताच्या आत्ता इथं आनून उभा करा!”

अकोल्यातल्या एका दवाखान्याचा वरचा मजला. ओरडत होत्या मंदाताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. आवाज असा की खाली मेडिकलवाल्याच्या बाटल्या फळीवर हलल्या असतील. आत खाटेवर त्यांचा नवरा पुरुषोत्तम, म्हणजे माझा साडभाऊ, डोळ्यांच्या पांढऱ्यापर्यंत पिवळा होऊन पडला होता. हाताखालच्या डॉक्टरनं नुकतंच सांगितलं होतं — कॅन्सर लिव्हरभर पसरला, आता ऑपरेशन होत नाही.

“आनतो,” मी म्हणालो. आणि जिना उतरलो. रिक्षा केली, बसस्टँड गाठलं, अमरावतीची एसटी धरली. खिडकीला डोकं टेकलं आणि मूर्तिजापूर यायच्या आत झोपलोही. हो, झोपलो! तुम्हाला काय वाटलं, रडलो?

बाबाला आणायला मी निघालोच नव्हतो. बाबा नव्हताच.

हे मी चारचौघांत आजवर बोललेलो नाही. फक्त एका माणसाजवळ बोललो, तेही सगळं आटोपल्यावर. आज तुम्हाला सांगतो, पण तुम्ही मला चांगलं म्हणावं म्हणून नाही. तुमच्या चांगलं म्हणण्याचं मी काय लोणचं घालू?

अमरावतीत माझं बिछायत केंद्र आहे. मांडव, सतरंज्या, कढया, भोंगे. तुमच्या भावाच्या लग्नात जी खुर्ची मोडून तुमचा मामा पडला, ती बहुतेक माझीच. माणूस मी आवाजाचा. मी राजकमल चौकात गप्पा मारायला उभा राहिलो की सिग्नल हिरवा होऊनही गाड्या हलत नाहीत, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, लोक ऐकतात. थाप मारणं हा माझा दोष नाही, धंदा आहे, असंच मी समजत आलो. त्या थापांतल्या एकीची ही गोष्ट.

मला संडासातून रक्त जायचं. मी त्याला मूळव्याध म्हणालो, मिरची सोडली, मोकळा झालो. बायकोनं — शोभानं — ओढून अकोल्याला नेलं तेव्हा मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी कापली. ते टोकच काढलं, तेव्हा वाट बदलावी लागली — पोटाच्या डाव्या अंगाला भोक, त्यावर चिकटवलेली पिशवी, आणि माणसाचं जे मागून जायचं ते त्या पिशवीत. कायमचं. डॉक्टर म्हणाले, लोक पिशवी लावून शेती करतात, नोकऱ्या करतात, वरातीत नाचतात. नाचत असतील. त्यांना पुरुषोत्तमसारखा साडभाऊ नसेल.

पुरुषोत्तमचं दर्यापूरला कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीचे पंप. सासर आमचं दोघांचं चांदूर बाजारला, आणि तो थोरला जावई. त्याच्या ताटात कोंबडीची तंगडी, माझ्या ताटात मान. तिथल्याच एका लग्नात सासऱ्यांचे चुलतभाऊ पंगतीला बसले होते. त्या म्हाताऱ्याला अशीच पिशवी होती, आणि ही बातमी कुठून तरी फुटली होती. पुरुषोत्तम बुंदी वाढता वाढता ओरडला, “काकाजीले आग्रह करा रे! त्यायले उठाचं कामच नाही, सोय संगंच हाय!”

पंगत हसली. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी. भोंग्याशिवाय. म्हातारा भरल्या पानावरून उठला आणि मांडवाबाहेर गेला. त्या मांडवाचे दोर माझ्याच माणसांनी बांधले होते.

आता मला पिशवी लागली. पुरुषोत्तमच्या हातून मी पंगतीत बुंदीसारखा वाढला जाणार होतो? शक्यच नाही! शोभाला तिच्या बापाची शपथ घातली — कोणाला सांगायचं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. ढगळ शर्ट शिवले. आणि पिशवी बोलते हे तुम्हाला माहीत आहे का? तिला वेळकाळ नसतो, चार माणसांत गुरगुरते. ती गुरगुरली की मी तिच्यावरताण मोठ्यानं बोलायचो, हसायचो, टाळी द्यायचो. लोक म्हणायचे, दुखण्यातून उठल्यापासून गडी जास्तच रंगात आला!

थाप जन्मली ती कटिंगच्या दुकानात. कारागीर म्हणाला, “शेठ, एवढे वाळले कावून? अकोल्याले दवाखान्यात होते म्हनते.” त्यानं नुसतं विचारलं होतं. पण आरशात मला माझा शर्ट पोटावर फुगलेला दिसला आणि तोंडातून निघालं, “दवाखान्यानं हात टेकले गड्या. मेळघाटातल्या बाबानं बरं केलं.”

झालं. मग बाबाला दाढी आली. मग एक डोळा गेला. मग त्याच्या झोपडीच्या दारात अस्वल येऊन बसू लागलं आणि बाबा त्याच्याशी कोरकू भाषेत बोलू लागला. पांढऱ्या पळसाची मुळी, काळ्या शेळीचं दूध, आणि सकाळी गाठ बोरासारखी गळून पडली. अंगाला चाकू लागला नाही! पुढं परतवाड्याच्या एका माणसानं माझीच गोष्ट मला सांगितली, तेव्हा अस्वलं दोन झाली होती. तुम्हीही ऐकली असेल. “डॉक्टर नुसते कापतात” म्हणून मान डोलावली असेल, पुढं पाठवली असेल. मूर्ख तुम्ही आहातच. पण मूर्खपणा आणि लबाडी एका तराजूत बसत नाहीत, तेव्हा तुमच्यामागं लपायची सोय मला नाही.

आणि मग एक दिवस पुरुषोत्तम माझ्या गोदामात आला.

खुर्ची होती, तरी तो सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर बसला. त्यालाही आतड्यात गाठ निघाली होती, वर लिव्हरच्या एका बाजूला दोन डाग. अकोल्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं — आधी कीमो, मग आतड्याचा आणि लिव्हरचा तेवढा भाग कापू. लिव्हर कापलं तरी वाढतं. खात्री कोणीच देत नाही, पण आज करता येतं, उशीर करू नका. काही दिवस पिशवी लागेल कदाचित.

“मले कापाकापीचं भेव लागून राहिलं,” पुरुषोत्तम म्हणाला. “तुयं खरंच बिना ऑपरेशनचं बरं झालं? माया गळ्याची आन घेऊन सांग.”

त्या क्षणी त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर माझी पिशवी होती. काय करायचं होतं मला? शर्ट वर करायचा होता. बस. बोलायचंही नव्हतं. जन्मभर तोंड वाजवलं, आणि तोंड न उघडता एक माणूस वाचवण्याची वेळ आली तेव्हा—

तेव्हा मी त्याच्या गळ्याला हात लावला. “तुमची आन, भाऊ. चाकू लागला नाही.”

का? तो हसेल म्हणून? तो काय हसणार होता, सतरंजीचे धागे उपसत बसला होता. लाज होती, ती आहेच. पण खरी गोष्ट लाजेच्या खाली आहे — मला मजा आली. थोरला जावई माझ्या गोदामात बसून माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होता. ते मला सोडवेना. मी त्याला वाट सांगितली. सेमाडोहच्या अलीकडे नाला, नाल्यापासून डावीकडे, मोहाची तीन झाडं. नसलेल्या माणसाच्या घराची इतकी बारीक खूण मी सांगितली! मनात म्हटलं, दोन दिवस भटकेल, कोणी सापडणार नाही, येईल परत डॉक्टरकडे.

त्याचा फोन आला तो परतवाड्याच्या बाजारातून. आवाज लग्नातल्यासारखा. “सापडला रे! बाबा तं पहाडात तपाले बसला म्हने, पन पुतन्या औषध देते! अस्वलाचंही त्याले मालूम हाय!”

माझ्या थापेला पुतण्या झाला होता. कोणीतरी भामट्यानं माझी गोष्ट ऐकून तिच्यावर दुकान मांडलं होतं. हा भामटा, मग मी कोण? आणि फोनवर त्याच मिनिटाला सगळं थांबवता येत होतं. मी म्हणालो, “बरं झालं, भाऊ.”

शोभानं त्या दिवशी माझ्यापुढं हात जोडले. म्हणाली, “मंदाताईले सांगू द्या मले. शपथ मोडू द्या.” मी म्हणालो, सांगितलंस तर बहिणीच्याच घरी राहायचं, इकडं यायचं नाही. तिनं सांगितलं नाही, माझ्याच घरी राहिली. तेव्हापासून ती माझी पिशवी बदलायला मदत करते आणि भाजीत मीठ पुरे का, एवढं विचारते. बाकी तिचं माझं बोलणं नाही.

पुतण्यानं दिलेला पाला पुरुषोत्तम उन्हाळाभर उकळून प्याला. मंदाताईंनीच गाळून दिला. मी भेटायला गेलो की तो म्हणायचा, हलकं वाटते. वजन उतरलं होतं, हलकं वाटणारच. मृगात त्याचे डोळे पिवळे झाले, आणि मग अकोल्याचा तो मजला, तो व्हरांडा.

तिथून मी का पळालो, ते सांगायचं राहिलंच. मंदाताई ओरडत असताना समोरच्या लिफ्टमधून मोठे डॉक्टर बाहेर पडले — ज्यांनी मला कापून जगवलं, तेच. दर तपासणीला ते मला बघताच आधी पिशवीचं विचारतात, आणि खणखणीत विचारतात. मंदाताईंच्या देखत विचारलं असतं. नवरा आत मरतोय आणि मला त्या वेळीही शर्टाखालचंच पडलं होतं. म्हणून “आनतो” म्हणालो.

पुरुषोत्तम पोळ्याच्या आधी गेला. तेरवीचा मांडव माझाच. त्या मांडवात एक पाहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, बाबा स्वतः भेटला असता तर वाचला असता गडी. मी मान हलवली. ऐकताय ना? तिथंही मान हलवली मी!

पुढं बरेच दिवस एक वाक्य मी जवळ बाळगलं — ऑपरेशन करूनही तो गेला असता. डॉक्टरांनी खात्री कुठं दिली होती? वाक्य खरं आहे. लिव्हरपर्यंत गेलेल्यातले कितीतरी जातात, कापूनही जातात. पण कितीतरी राहतातही. तो कोणत्यातला होता, हे त्याला कधी कळलंच नाही, आणि ते मी कळू दिलं नाही. तेव्हा ते वाक्यही माझ्या उपयोगाचं नाही.

या दिवाळीनंतर मी दर्यापूरला गेलो. मंदाताई आता दुकानात बसतात. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो. मग सगळं सांगितलं — कटिंगचं दुकान, अस्वल, गळ्याची आन, लिफ्ट. पहिल्यांदाच हळू आवाजात. मग शर्ट वर केला.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. मला ते हवंही होतं बहुतेक. त्या काउंटरमागून बाहेर आल्या, वाकल्या, पिशवीकडे बघत राहिल्या. कापलेल्या जागेची रेघ वरपासून खालपर्यंत बघितली. मग परत जाऊन आपल्या जागी बसल्या.

“म्हंजे ऑपरेशननं मानूस वाचते,” त्या म्हणाल्या.