साडूंना झालेलं जास्तीचं रक्त

स्वतःचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे साडू निघाले. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. राहणार उदगीर, धंदा कापडाचा. मी लातूरला हिशेबाच्या नोकरीत, त्यामुळे आकडा दिसला की तो बरोबर आहे का हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. साडूंच्या बाबतीत आकडा बरोबर होता, बाकी सगळं चुकलं होतं.

साडूंना जन्मापासून हिमोफिलिया. म्हणजे रक्त एकदा वाहायला लागलं की लवकर गोठत नाही. त्यासाठी जखमच व्हावी लागते असंही नाही; जरा जास्त चाललं तर आतल्या आत रक्त उतरतं आणि गुडघा नारळाएवढा होतो. असा माणूस कापडाचं दुकान चालवतो आणि जन्मात कात्रीला हात लावत नाही. साडू गादीवर बसून भाव सांगणार, कापड मोजणार, आणि कापायची वेळ आली की तोंड फिरवून भिंतीकडे बघणार. कात्री अक्कांच्या हातात. घरातल्या पलंगाचे, टेबलाचे, अगदी देव्हाऱ्याचेही कोपरे दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांनी गुंडाळलेले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, यांचं घर बदलायचं चाललंय. विळी शेजारणीकडे असते. भाजी तिकडे जाते आणि चिरून परत येते. साडूंना कुणी वाईट बातमीसुद्धा सांगत नाही. न जाणो, तिचाही कोपरा लागायचा.

दुष्काळाचं साल होतं. नळ कोरडे, गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नाही. त्यातच उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी आवई उठलेली. घागर उचलायची साडूंना बंदी, म्हणून ते टँकरपाशी खुर्ची टाकून बसत आणि रांगेतल्या बायकांना शिस्त व जिल्ह्याचे फायदे एकदमच शिकवत. जिल्हा झाला की मोठा सरकारी दवाखाना येणार, रक्त थांबवायचं फॅक्टरचं इंजेक्शन इथंच मिळणार, लातूरच्या एसटीत गुडघा आपटून घ्यायची गरज नाही. तेव्हापासून त्यांनी सगळी दुखणी जिल्ह्यावर टाकली. दात हलतोय? “जिल्हा होऊ द्या.” डोकं दुखतंय? “होऊ द्या हो जिल्हा.”

अशात चौकात तपासणीचं शिबिर लागलं. आम्ही नवराबायको त्या दिवशी उदगीरलाच होतो. साडू पेढ्यांचा पुडा घेऊन लंगडत घरात शिरले.

“घ्या साडूभाऊ, तोंड गोड करा. एकशे ऐंशी! जन्मभर रक्त जाऊन जाऊन जीव मेटाकुटीला आला, आता कुठं भरून आलं बघा.”

“अहो, बीपी वाढलंय. रक्त नाही वाढलं.”

“मग काय वाढलं?”

“दाब.”

“टाकी भरल्याबिगर नळाला दाब येतो का? आख्ख्या उदगिरात कुणाच्या नळाला दाब न्हाई. माझ्याच हाय!”

मी पेढा चघळत राहिलो. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. ज्याचं रक्त थांबतच नाही त्याचा दाब उतरायला पाहिजे, तो चढतो कसा?

तेवढ्यात अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. “दाजी, त्यान्ला काय बोलू नका. भ्याले की अजून वाढल. मशीन बिघडलं होतं म्हणून सांगा. तुमचा आकडा ते खरा मानतेत.”

सांगावं तर घाबरून वाढणार, न सांगावं तर मिठाचं लोणचं खात वाढणार. दोन्हीकडून बेरीज तीच. बाहेर येऊन बघतो तर साडू कपाळ दाबत बसलेले. “पेढ्यानं डोकं जड झालं वाटतं,” म्हणाले.

मग मात्र मला राहवलं नाही. “साडूभाऊ, गुडघ्यात रक्त उतरलं की गुडघा सुजतो. दाबानं डोक्यात उतरलं तर?”

शेजारच्या टेबलाच्या गुंडाळलेल्या कोपऱ्यावरून साडूंनी हात फिरवला. “म्हंजे ह्यो कोपरा आतला हाय,” ते हळूच म्हणाले. “मला कुणी सांगितलंच न्हाई की.”

जिल्ह्याची वाट न बघता आम्ही जीप करून त्यांना त्याच दुपारी लातूरला नेलं. डोक्याचा फोटो निघाला. सुदैवानं आत काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, की हिमोफिलिया असला म्हणून दाब वाढायचा थांबत नाही, उलट यांनी तो जास्त सांभाळायचा. गोळी रोज, मीठ कमी, आणि गुडघ्यासाठी मनानं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या बंद.

“म्हंजे रक्त कमी आन् दाब जास्त?” साडूंनी विचारलं.

“रक्त जेवढ्याला तेवढंच आहे हो,” डॉक्टर म्हणाले.

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पण कळलं होतं असं नाही.

आता त्यांच्या घरी दाब मोजायचं यंत्र आहे. रोज अक्का मोजतात, पण आकडा त्या दहा-वीस कमी करून सांगतात असा साडूंना दाट संशय आहे, आणि तो खरा असावा. म्हणून मी गेलो की यंत्र माझ्या हातात येतं. साडू डोळे मिटून दंड पुढे करतात. “खरा आकडा सांगा साडूभाऊ. बाकी समदे गुंडाळून सांगतेत.” मी खरा सांगतो. कमी असो, जास्त असो, जसा दिसतो तसा.

मग ते बाही खाली ओढत विचारतात, “आन् जिल्हा कधी? त्यो बघितल्याबिगर जायाचं न्हाई आपल्याला.”

“यंदा होईल,” मी म्हणतो. दर साली.