तानाबाईंनी धरलेली जागा

जानेफळच्या स्टँडवर तानाबाईंची पिवळी दस्ती, म्हणजे हातरुमाल, सगळ्यांच्या ओळखीची आहे. मेहकरची एसटी वळून थांबते न थांबते तोच ती दस्ती खिडकीतून आत गेलेली असते, आणि एकदा सीटवर पडली की जागा तानाबाईंची. मग त्या दाराशी धक्के खात सगळ्यांत शेवटी वर चढल्या तरी तिथं कोणी बसलेलं नसतं. सरपंच असो की मास्तर, धरलेल्या जागेवर बसायचं नाही, ही इथली रीत. कुणी दस्ती टाकतं, कुणी पिशवी. पिशवीत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही.

अशा बाईला पुण्यात वेंधळी ठरवलं. त्या दिवसाची गोष्ट सांगताना अजूनही राग येतो.

तानाबाई साठीच्या पुढच्या. गावच्या शाळेत वीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली आणि शिजता शिजता फळ्याकडे बघून वाचायला शिकल्या. मुलगा सुरतला कामाला; नात सारिका त्यांच्याजवळच वाढली. या वर्षी सारिकाचा पुण्यात नर्सिंगला नंबर लागला. जात पडताळणीचं मूळ प्रमाणपत्र शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत दिलं नाही तर प्रवेश रद्द, पुढच्या नंबरची मुलगी आत. या कागदासाठी म्हातारीनं पाच चकरा मारल्या होत्या. कधी साहेब मीटिंगला, कधी सही राहिलेली, कधी नुसतंच ‘सोमवारी या’. महिनाभर टेबलावर निवांत पडलेला कागद हातात मिळाला तो गुरुवारी संध्याकाळी. उशीर केला दुसऱ्यांनी आणि धावायचं मात्र हिनं.

सारिका बाकीच्या कागदांसाठी आधीच पुण्यात कॉलेजात अडकली होती. म्हणून शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं तानाबाई स्वतःच निघाल्या आणि तीन वाजता पुण्यात उतरल्या. स्टँडबाहेर कोणत्या नंबरची सिटी बस पकडायची ते सारिकानं फोनवर सांगितलं होतं.

बस उभी होती आणि दाराशी ही गर्दी. तानाबाईंनी उघडी खिडकी हेरली, टाचा उंचावल्या आणि पिशवी आत सीटवर टाकली. प्रमाणपत्र त्याच पिशवीत होतं. जागा धरली, आता घाई कशाची? त्या पुढच्या दाराशी गेल्या. काचेआडून ड्रायव्हरनं मागच्या दाराकडे बोट केलं. पुढून फक्त उतरायचं. त्या मागच्या दाराशी पोचेपर्यंत दार आपोआप मिटलं आणि बस निघाली. त्यांनी पत्र्यावर थापा मारल्या, दहा-वीस पावलं धावल्या. बस थांबली नाही. रिक्षावाल्याला म्हणाल्या, त्या गाडीच्या मागं चल. तो म्हणाला, कुठली गाडी? तोवर ती चौकातून वळलीसुद्धा होती.

चौकशीच्या खिडकीत एक तरुण मोबाईल बघत बसला होता. तानाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. ‘मले ती पिशवी पायजे,’ म्हटल्यावर मागे उभे असलेले दोघं हसले. आपल्याच भाषेतला एक शब्द जरा वेगळा ऐकला की शहाण्यासुरत्या माणसांना हसू कसं येतं, कोण जाणे. तरुणानं विचारलं, खिडकीतून सामान टाकायला कोणी सांगितलं होतं? वर म्हणाला, हरवलेल्या वस्तूंसाठी अर्ज करा, उद्या अकरानंतर या.

तानाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हरवली नाही हो,” त्या म्हणाल्या. “म्या ठेवली हाय ती.”

त्यांनी अर्जाला हातही लावला नाही. बाहेर आल्या तर त्याच नंबरची दुसरी बस सुटायच्या बेतात होती. तानाबाई तिच्या समोर जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. मागच्या गाड्यांनी दाबला. वेडी आहे का, असं कोणीतरी ओरडलं. शेवटी कंडक्टर खाली उतरला.

“पुढच्या गाडीले फोन लाव बाबू,” त्या म्हणाल्या. “तोपर्यंत मी सरकत नाही.”

कंडक्टर चरफडला, पण त्यानं फोन लावला. पलीकडचं ऐकून त्याचा चेहराच बदलला. पिशवी आहे म्हणाला, पण एक बाई तिला कोणाला हात लावू देत नाहीये. शेवटच्या स्टॉपवर चला.

तानाबाई त्याच बसमध्ये चढल्या. चार वाजता ती कॉलेजच्या स्टॉपवरून पुढे गेली. फोनवर सारिका रडत विचारत होती, आजी, कुठं आहेस? आजी खिडकीतून तेच फाटक बघत होती, आणि हात रिकामे होते.

शेवटच्या स्टॉपवर पहिली बस परतीच्या वेळेची वाट बघत उभी होती. आत दोनच माणसं, कंडक्टर आणि पिशवीशेजारी बसलेली निळ्या गणवेशातली एक बाई. ती जयमाला, जानेफळच्याच बाजूच्या साखरखेर्ड्याची, पुण्यात एका मॉलमध्ये साफसफाईला जाणारी. तिचा स्टॉप केव्हाच मागे गेला होता. वाटेत एकानं पिशवी उचलून पायाशी ठेवायला घेतली, त्याच्याशी ती भांडली. दुसरा कंडक्टरकडे गेला, त्याच्याशीही भांडली. खिडकीतून आत आलेली पिशवी म्हणजे काय, हे त्या भरल्या बसमध्ये तिला एकटीलाच ठाऊक होतं. आपला मुक्काम आला तरी ती उठली नाही. उठली असती तर ती जागा गेली असती.

“मावशी, कोणाला बसू दिलं नाही म्या,” जयमाला म्हणाली.

दिवसभर जगाशी भांडलेल्या तानाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि आपल्या जागेवर बसल्या. तीच बस परत फिरली. जयमाला वाटेत तिच्या स्टॉपवर उतरली. उशिरा आल्याबद्दल तिला बोलणी बसणार होती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तानाबाई सारिकाचा हात धरून कॉलेजच्या खिडकीशी पोचल्या. कारकुनानं मान वर न करता प्रमाणपत्र घेतलं आणि बाजूच्या ढिगावर टाकलं. दोन सेकंदांचं काम.

तानाबाईंनी खिडकीतून हात घालून, सीटवर दस्ती टाकावी तसं त्या कागदावर बोट ठेवलं.

“नाव वाचा.”

झालं आजी, जमा झालं, कारकून म्हणाला. बोट हललं नाही.

“मोठ्यानं वाचा.”

कारकुनानं चष्मा सारखा केला आणि वाचलं, “सारिका भगवान अवसरमोल.”

“आता ठेवा,” तानाबाई म्हणाल्या, आणि बोट काढलं.