तीन गुणांनी नालायक

आमच्या बेलफोर्ट गावात कुणाच्या घरातून मूल सरकारी ताब्यात हलवायची वेळ आली, की शेरीफची माणसंसुद्धा आधी विचारायची, "मिस व्हर्नेल कुठे आहेत?" आणि समाजसेवकांना परवाने देणाऱ्या राज्याच्या बोर्डाच्या मते याच मिस व्हर्नेल कुणाच्या दारात उभं राहायच्या लायकीच्या नव्हत्या. तीन गुण कमी पडले होते ना!

व्हर्नेल टिब्स कुटुंबसेवेच्या कचेरीत बावीस वर्षं होत्या. मी तिथेच समोरच्या टेबलावर फोन घ्यायची, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. दिवसभर घरं फिरून, संध्याकाळी कॉलेजात बसून बाईंनी पन्नाशीत समाजकार्याची मोठी पदवी मिळवली. बोर्ड म्हणालं, पदवी ठीक आहे, आता परीक्षा द्या. चार तास संगणकासमोर बसायचं. 'समाजसेवकाने सर्वांत आधी काय करावं?' खाली चार उत्तरं, चारही इस्त्री करून ठेवलेली.

मिस व्हर्नेल सर्वांत आधी काय करायच्या, ते मला माहीत आहे. पुरविस म्हाताऱ्याने दोन नातवंडांना आत घेऊन कडी लावली, तेव्हा बाहेर दोन पोलीस गाड्या उभ्या होत्या. या गेल्या, पायरीवर बसल्या आणि तिथली शेंगांची टोपली ओढून सोलायला लागल्या. पाऊण तासाने आतून आवाज आला, "ओ बाई, टरफलं अंगणात टाकू नका!"

"मग येऊन टोपली धरा की."

म्हातारा आला. मुलंही आली. आता शेंगा सोला असा पर्याय कुठल्या परीक्षेत असतो?

तीनदा बसल्या त्या. पहिल्यांदा पाच गुणांनी गेल्या, मग चार, मग तीन. कुठलं उत्तर चुकलं ते बोर्ड सांगत नाही. प्रश्न बाहेर कुणाला सांगायचे नाहीत, यावर उमेदवाराकडून सही मात्र घेतं. चूक गुपित, फी उघड. तिसऱ्या निकालाचा कागद घेऊन मिस व्हर्नेल माझ्यासमोर बसल्या नि म्हणाल्या, "ओपल, खरंच मला येत नसेल का गं काही?" बावीस वर्षांत त्या बाईंच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. बोर्डाची कमाई म्हणायची तर ही.

पुढे कचेरीने नियम केला, परवाना नाही त्याने घरभेट करायची नाही. मिस व्हर्नेलना गाडी चालवायला बसवलं. त्यांची जागा केल्सी हार्टविगला मिळाली. वय चोवीस, पहिल्या फटक्यात पास, आणि सहा महिने मिस व्हर्नेलच्याच हाताखाली शिकलेली. पोरगी वाईट नव्हती. पण कुणी आई किंचाळायला लागली, की हिची वही हातातच राहायची.

"मिस व्हर्नेल, येता का जरा आत?"

"मी ड्रायव्हर आहे, बाळ."

"या हो, प्लीज!"

मग ड्रायव्हर आत जायची, तासाभरात घर शांत व्हायचं आणि अहवालाखाली केल्सी सही करायची. दोन वर्षं असंच चाललं.

मग परीक्षा घेणाऱ्यांनीच निकालाचे आकडे बाहेर काढले. गोरे उमेदवार दहात आठ पास, आमचे काळे दहात चार. आम्हाला हे आधीच ठाऊक होतं, पण आमच्या ठाऊक असण्याला कोण विचारतो? मिस व्हर्नेलनी आसपासच्या गावांतल्या नापासांना फोन लावले. चर्चच्या तळघरात पंधरा जणी जमल्या. परीक्षेची अट काढा, पदवी आणि देखरेखीखालचं काम धरा, असं विधेयक एका सिनेटर बाईंच्या गळी उतरवायला त्यांना वर्ष लागलं.

विधेयकाच्या सुनावणीला बोर्डाचे अध्यक्ष व्हिटलॉक आले. तीस वर्षांत कुणाच्या घराची बेल वाजवली नसेल असा गृहस्थ. म्हणाले, "ही परीक्षा जनतेच्या रक्षणासाठी आहे."

"या आकड्यांचं काय?" सिनेटर बाईंनी विचारलं.

"त्यासाठी समिती नेमली आहे."

"ती कधी बसणार?"

"तिची कार्यपद्धती ठरवायला उपसमिती आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मीच असेन.

मिस व्हर्नेलना तीन मिनिटं मिळाली. "साहेब, जनता म्हणजे कोण हो?" त्या म्हणाल्या. "मी ज्यांच्या घरी जाते, ते रविवारी चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसतात. त्यांना माझ्यापासून वाचवताय, तर एकदा त्यांना विचारा तरी!"

मग बोलणाऱ्यांच्या यादीत नाव नसताना केल्सी उठली. तिचे कान लालबुंद झाले होते. "मी पास झालेली आहे," ती म्हणाली. "पण माझं काम गाडी चालवणाऱ्या मिस व्हर्नेल करतात. मी फक्त सही करते."

नवव्या दिवशी बोर्डाचं पत्र आलं. विनापरवाना समाजकार्य केल्याबद्दल मिस व्हर्नेल टिब्सवर कारवाई का करू नये? केल्सीला एक ओळसुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी!

मिस व्हर्नेलनी पत्र वाचलं. साठीला टेकलेली बाई, ड्रायव्हरकीही जाते की काय अशी धास्ती. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"ओपल, काम मीच करते असं बोर्डानेच लिहून दिलंय गं!"

दुसऱ्या दिवशी त्या ते घेऊन राजधानीला गेल्या. सिनेटर बाईंनी सभागृहात पत्र अक्षरन्‌अक्षर वाचलं. ज्या सदस्यांना विधेयकाचं नाव माहीत नव्हतं, त्यांनाही नापास बाईच खरं काम करते एवढं कळलं. विधेयक सात मतांनी पास झालं.

बोर्डाने तरी सूड उगवलाच. तक्रार प्रलंबित आहे म्हणून परवाना सात महिने अडवला आणि शेवटी 'पुराव्याअभावी' तक्रार मागे घेतली. चुकलो, असं कुणी म्हणालं नाही. व्हिटलॉक अजून अध्यक्ष आहेत आणि हल्ली समतेवर भाषणं देतात म्हणे.

परीक्षेपायी आमच्या कचेरीतल्या दोघी आधीच सोडून गेल्या होत्या. मिस व्हर्नेल परवाना पर्समध्ये घालून दोघींना परत बोलवायला गेल्या. टायरच्या दुकानात हिशेब लिहिणारी शार्लीन म्हणाली, "आता नाही हो. माझ्यातली ती बाई गेली." दुसरी, रोझेटा, वृद्धाश्रमात चादरी बदलत होती. ती आली. पहिल्याच सोमवारी मिस व्हर्नेल तिला घेऊन कालव्यापलीकडे एका घरी गेल्या. आई अंथरुणाला खिळलेली आणि चार मुलं शाळेविना. गाडी केल्सी चालवत होती.