एका बोटाचा रामराम

डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि जामखेडला माझ्या लेकानं टेम्पोची चावीच लपवली. डॉक्टर हो म्हणाले तरी हा ऐकेना. तीस वर्षं गाडी हाकलेला मी, ओट्यावर माशा मारत बसलो. मग आयर्लंडला लेकीकडं गेलो, तेव्हा मंगल म्हणाली, "आप्पा, माजी गाडी चालवून दाखवा. जमलं तर दादाला मीच सांगते. पन हॉर्नला हात लावायचा न्हाई!"

सकाळी निघालो. तिथंही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, म्हणून मी खूश. पण गावाबाहेर 'बोरीन' (आपली पाणंद) लागली. दोन्हीकडं उंच झुडपांचं कुंपण, मधोमध गवत आणि पाटीवर वेग साठ! साठनं गेलो असतो तर थेट कुणाच्या तरी गोठ्यात पोचलो असतो.

समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा.

"मंगल, तुजी लई वळख हाय गं इथं!"

"कुनी वळखत न्हाई, आप्पा. ह्यो इथला रामराम."

मग मीही बोट उचलायला लागलो. लई गोड वाटलं.

एका वळणावर अचानक ट्रॅक्टर आला आणि अंगठा आपोआप हॉर्नवर गेला. मंगलनं कपाळाला हात लावला. ट्रॅक्टरवाल्या म्हातारबांना मात्र वाटलं, कुणी ओळखीचंच हाक मारतंय. इंजिन बंद करून ते खाली उतरले.

"दिवस झकास हाय म्हनत्यात," मंगल म्हणाली. पाऊस भुरभुरत होता. दहा मिनिटं गप्पा झाल्या, मी नुसतं "यस यस" करत होतो.

दोन गाड्या काही मावेनात, आता मागं कुणी जायचं? त्यांच्यामागं ट्रॉली. अहो, भिंगारच्या बाजारातून भरला टेम्पो उलटा काढलेला माणूस मी! आरशात बघत, झुडपाची काडीही न घासता, पार फाट्यापर्यंत गाडी मागं नेली. म्हातारबांनी बोट नाही, अख्खी टोपी उचलली.

मंगलनं तिथूनच फोन लावला. "दादा, आप्पांची चावी काढून ठेव." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशनचं नव्हे.

जामखेडला परत आल्यावर लेकानं मुकाट्यानं चावी हातावर ठेवली. खर्ड्याच्या रस्त्याला टेम्पो काढला. समोरून ट्रक आला, मी बोट उचललं. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"काय वो काका, म्होरं पोलीस हायत का?"

"न्हाई रे बाबा. रामराम केला."

 तो हसून "रामराम, काका!" म्हणाला आणि कानठळ्या बसतील असा हॉर्न दिला.

मीही दिला. इथं अडवायला मंगल नव्हती.