आठ गोळ्या उरल्या होत्या

मी सूड घेतला आहे. माफ केल्यानं मन हलकं होतं, असं म्हणणारी माणसं मला खूप भेटली. माझं मन सूड घेऊन हलकं झालं. त्यासाठी एकच प्रश्न पुरला, आणि तो आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायच्या आत विचारला जायचा.

"पोट साफ होते ना?"

विचारणारे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. बालाघाटच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात वैद्य बनले. वारासिवनीच्या बाजारातून सोनामुखीची जुलाबाची पानं आणायची, हिरड्याबरोबर कुटायची, काळं मीठ घालायचं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरायचं. डोकं दुखतं, घ्या एक चमचा. गुडघा धरला, घ्या एक चमचा. सुनेचं पटत नाही असं कोणी सांगितलं असतं तरी त्यांनी डबाच उघडला असता. मोहल्ल्यात त्यांना मान होता. फुकटचं औषध आणि हेडक्लार्कचा आवाज, एवढ्यावर आमच्याकडे माणूस देव होतो.

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, समोर उभं राहायचं नाही, दिसले की डोक्यावर पदर. काही सांगायचं असेल तर तिसऱ्या माणसाला सांगायचं, त्यांच्या कानावर पडेल अशा आवाजात. तिसरं कोणी नसेल तर दाराच्या चौकटीला. जेवण वाढलं आहे, हे मी कित्येकदा चौकटीला सांगितलं आहे. लालबर्ऱ्याच्या शाळेत मी चाळीस पोरांपुढे दिवसभर बोलते, पालकांना सुनावते, हेडमास्तरांनाही सोडत नाही. पण घरी येऊन फाटक उघडलं आणि अंगणात ते दिसले की माझ्या जिभेला कुलूप. आता कोणी इतकं पाळत नाही. पण मी लग्न होऊन आले तेव्हा पाळायचे, आणि एकदा धरलेलं सोडायला निमित्त लागतं.

निमित्त सहा वर्षांपूर्वी आलं होतं. मी ते वाया घालवलं.

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, सळई घालून ऑपरेशन झालं. माहेरी करणारं कोणी नव्हतं म्हणून मी तिला इथं आणलं. वॉकर धरून ती अंगणात चार फेऱ्या घालू लागली होती. पण दुखण्यावरच्या गोळ्यांनी तिचं पोट बांधलं गेलं. भात आणि पातळ वरण, पाणी घोटभर, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि उठलं की दुखतं. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शौच मऊ करणारी गोळी लिहून दिली आणि मला समजावलं, "ही जुलाबाची गोळी नाही. पाणी धरून शौच मऊ करते, एवढंच तिचं काम. भरपूर पाणी प्यायलं नाही तर उपयोग नाही. दोन-तीन दिवस लागतात, घाई करू नका. वरून कडक काही देऊ नका. आणि पोटात कळा आल्या, उलटी झाली, तर हीसुद्धा थांबवा आणि मला दाखवा."

घाई करू नका, हे मी लक्षात ठेवलं. घाई दुसऱ्यालाच होती.

दोन रात्री दोन गोळ्या झाल्या. तिसऱ्या सकाळी मी शाळेत निघाले होते. भासरे अंगणात पेपर वाचत बसले होते, नवरा ओट्यावर बुटाच्या नाड्या बांधत होता. आदल्या संध्याकाळी भासऱ्यांनी आईला तिच्या पोटाबद्दल विचारलं होतं, ते मला कळलं होतं. म्हणून मी दारामागून, पदर घेऊन, नवऱ्याला मोठ्यानं म्हटलं, "सांगून द्या त्यांले. आईले पावडर द्याची नाही. डॉक्टरनं मना केलं आहे."

नवरा म्हणाला, "हौ." पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. माझी बस होती, मी गेले.

दुपारी भासऱ्यांनी आईला कोमट पाण्यात दोन चमचे दिले. एक नाही, दोन, कारण पाहुणीचं जास्तच अडलं होतं. माझी आई संकोची बाई. लेकीच्या सासरी, व्याह्यांच्या घरचा मोठा माणूस स्वतः ग्लास घेऊन आला तर ती नाही म्हणणार नव्हती. तिनं विषही घेतलं असतं. चारच्या सुमारास कळा सुरू झाल्या. तिसऱ्या वेळी वॉकर घ्यायलाही सवड मिळाली नाही, आणि ती संडासाच्या दारात पडली. मी बसमधून उतरले तेव्हा ती तिथंच होती, लुगडं खराब झालेलं, आणि लाजेनं मला म्हणत होती, "तू नोको येऊ इकडे."

हाड पुन्हा मोडलं, सळईच्या खाली. दुसरं ऑपरेशन तिला झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. दीड वर्ष ती खाटेवर होती आणि तिथूनच गेली.

भासरे तेव्हा आल्यागेल्याला सांगायचे, "पोट तं साफ झालं होतं. पडली ते तिचं नशीब." नवरा मला म्हणाला, "मी सांगनारच होतो दादाले, राहून गेलं." नवऱ्याचं राहून गेलं हे मी समजू शकत होते. मला फक्त एक कळत नव्हतं, पेपर वाचणाऱ्या माणसाला त्या सकाळी ऐकू आलं होतं की नाही. त्या पानाच्या आवाजाचा मी सहा वर्षं विचार केला. गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली. दहातल्या आठ गोळ्या तशाच होत्या.

यंदा भासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. जाऊबाई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची मुलगी रायपूरला, तिच्या पोरांची परीक्षा की काय चालू होती. करणार कोण? मी. शाळेतून रजा काढली. लोक म्हणाले, सून असावी तर अशी. मी ऐकून घेतलं.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांचं पोट साफ झालं नव्हतं. दुखण्यावरच्या गोळ्या त्याच जातीच्या होत्या. डॉक्टरांनी निघतानाच शौच मऊ करणारी गोळी दिली होती आणि बजावलं होतं की कुंथायचं नाही, टाक्यांवर जोर येईल. पण भासऱ्यांनी ती उशीखाली सारून ठेवली होती. त्यांनी भावामार्फत निरोप पाठवला, "डब्बा मांग तिच्यापासून. फळीवर आहे."

डबा मी काढला. स्वयंपाकघरात नेला, ग्लासात कोमट पाणी घेतलं, दोन चमचे टाकले आणि ढवळलं. हे मी लपवणार नाही. त्यांनीच मागितलं होतं, कोणी मला बोल लावला नसता. ताजे टाके, रिकामं पोट, आणि दोन चमचे. मी तो ग्लास हातात धरून बराच वेळ उभी होते आणि मला बरं वाटत होतं.

मग मी तो मोरीत ओतला. दया आली म्हणून नाही. ते पुन्हा दवाखान्यात गेले असते तर सगळा मोहल्ला त्यांची कीव करायला लोटला असता, आणि ती कीव मला त्यांना मिळू द्यायची नव्हती. मला त्यांना त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच माणसांपुढे गाठायचं होतं. आणि त्यासाठी ते धडधाकट हवे होते.

संध्याकाळी कचेरीतले तीन जुने मित्र भेटायला आले. भासरे तक्क्याला टेकून कचेरीतले किस्से सांगत होते. मी चहा दिला. परत फिरले नाही. पदर खांद्यावर घेतला आणि दारात उभी राहिले. काय म्हणून हाक मारायची तेही मला ठाऊक नव्हतं. नवरा म्हणतो तेच म्हटलं.

"दादा, तुमचं पोट साफ झालं काय?"

एकाचा कप बशीवर आपटला. भासरे भिंतीकडे बघू लागले, जणू भिंत बोलली.

"मी तुमालेच विचारून राह्यली. किती दिवस झाले? चार? पोटात कळा येतात काय? उलटी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी सगळ्यांसमोर त्यांच्या उशीखाली हात घातला, गोळीची पट्टी काढली, हातावर एक ठेवली आणि पाण्याचा भरलेला ग्लास पुढे केला. "घ्या. ग्लास पुरा रिकामा करा. डॉक्टरले मी फोन केला होता. तुमचं हृदय, किडनी ठीक आहे, पानी भरपूर चालते म्हणे. आन् कुंथू नोका."

कुंथू नका, हे शब्द मी पुन्हा एकदा म्हटले. जरा मोठ्यानं.

पुढचे दोन दिवस मी हाच खेळ केला. सकाळी दूधवाल्यापुढे, दुपारी शेजारणीपुढे, संध्याकाळी त्या तिघांपुढे. मित्र दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले नाहीत. पपई कापून दिली, पालेभाजी दिली, तास तासाला पाणी, अंगणात सावकाश चालवलं. नवऱ्यानं मेडिकलमधून पोट साफ व्हायला पॅराफिन तेलाची बाटली आणली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की या गोळीसोबत ती द्यायची नाही. ती मी परत पाठवली. मला मजा येत होती. माझ्या आईला मिळायला हवं होतं ते सगळं मी त्यांना देत होते, आणि प्रत्येक ग्लास त्यांच्या घशाखाली ढकलताना मला ते आठवत होतं.

तिसऱ्या सकाळी ते संडासातून हळूहळू बाहेर आले, खुर्चीत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"झालं."

"त्रास?"

"काहीच नाही." मग म्हणाले, "इतले दिवस लागतात याले?"

"दोन-तीन दिवस लागतात."

ते बोटांवर मोजू लागले. हेडक्लार्क होते, हिशेब करता येत होता. "तुह्या आईले किती झाले होते?"

मी आत गेले, कपाटातली पट्टी आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. चांदीचा कागद काळपट झाला होता. त्यांनी दोन फोडलेली घरं बोटानं चाचपली, मग न फोडलेली. नवरा ओट्यावर उभा होता, तो तिथूनच मागे सरकला.

"ऐकू आलतं मले त्या दिवशी," भासरे म्हणाले. "सगळं ऐकू आलतं. पण तू भावाले म्हटलं होतं. मले कुठं म्हटलं?"

सहा वर्षं मला हेच हवं होतं, आणि ते असं मिळालं. मला त्यांचा राग आला, आणि त्या रागात माझाही वाटा होता, कारण त्या सकाळी दार ओलांडून चार पावलं गेले असते आणि पेपर हातातून ओढला असता तर बस चुकली असती, एवढंच.

"मंग आता तुमालेच म्हणते," मी म्हटलं, "ऐका."

मी समोर स्टूल ओढून बसले. ते उठायला गेले, पण टाके ओढले गेले आणि पुन्हा बसले. मी संडासाच्या दारापासून सुरुवात केली. लुगडं कसं होतं ते सांगितलं. मग दीड वर्ष, पाठीच्या जखमा, कूस बदलताना ती काय म्हणायची, शौचाचं भांडं लावताना ती तोंड कुठं फिरवायची. त्यांनी एकदा हात जोडले. मी थांबले नाही. तासानं त्यांची पाणी प्यायची वेळ झाली तेव्हा उठून ग्लास भरून दिला, पूर्ण प्यायले का ते पाहिलं, आणि राहिलेलं सांगायला पुन्हा स्टुलावर बसले.